मूल आले नाही, की आणले नाही?

इंग्लंडातल्या हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसले, की भिंतीवर एक फळा बऱ्याच ठिकाणी दिसतो. 'गेल्या महिन्यात इतक्या रुग्णांनी अपॉइंटमेंट चुकवली, इतके तास वाया गेले,' असा मजकूर त्यावर असतो. आकडा दर महिन्याला बदलतो, उपदेश मात्र तोच. मोठ्या माणसांच्या विभागात हा फळा एक वेळ शोभेल. पण लहान मुलांच्या विभागातही, हत्ती-जिराफांच्या रंगीत चित्रांशेजारी, तो टांगलेला आम्ही पाहिला आहे. आणि तेथे तो वाचताना प्रश्न पडतो, की हा उपदेश नेमका कोणाला? तीन वर्षांचे मूल का कॅलेंडर पाहते? ते का पोस्टातून आलेले पत्र फोडते, की ऑफिसातून रजा काढते?

चुकलेल्या अपॉइंटमेंटांवर या देशात बरीच चर्चा चालू असते. २०२१-२२ या वर्षात इंग्लंडातील हॉस्पिटलांच्या बाह्यरुग्ण विभागांत सुमारे १२ कोटी २० लाख अपॉइंटमेंटी ठरल्या होत्या. त्यांपैकी सुमारे ७८ लाखांना रुग्ण फिरकलेच नाहीत. दरमहा साडेसहा लाख! हे आकडे प्रसिद्ध झाले की वर्तमानपत्रांत दोन दिवस संताप उसळतो, पुढारी कडक भाषा बोलतात, आणि मग सगळे शांत होते. हा सगळा हिशेब असतो पैशांचा आणि डॉक्टरांच्या तासांचा. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु या आकड्यांत लहान मुलांचाही समावेश आहे, आणि मुलांचा हिशेब निराळा आहे. मोठ्या माणसाचा गुडघा दोन महिने उशिरा तपासला तर दुखणे लांबते. लहान मुलाच्या बाबतीत काही उपचारांची वेळ एकदा निघून गेली, की ती परत येत नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. लंडनच्या पश्चिमेकडील उपनगरात राहणारे हे जोडपे. दोघेही शिकलेली, दोघेही नोकरी करणारी. मुलगा शाळेत जाऊ लागला त्या वर्षी शाळेतच डोळ्यांची तपासणी झाली, आणि डावा डोळा अधू आहे असे दिसल्याने त्याला हॉस्पिटलकडे पाठविण्यात आले. पहिले पत्र गेले ते जुन्या भाड्याच्या घरी. दुसरे पत्र नव्या घरी आले, पण त्यात 'ऑर्थोप्टिक्स' असा शब्द होता. घरातल्यांना वाटले, हाडांचे काहीतरी चुकून आले असावे, विचारू केव्हातरी. आणि ती तारीख नेमकी मामाच्या लग्नासाठी सगळे पुण्याला गेले होते त्या आठवड्यातली निघाली. परत आल्यावर टपालाच्या ढिगात तिसरे पत्र सापडले. 'आपण दोनदा न आल्याने आपले नाव कमी करून आपल्याला पुन्हा जी.पी.कडे सोपविण्यात येत आहे,' असे त्यात होते. पत्र मुलाच्या नावाने होते. आईबापांनी ते फायलीत ठेवले. मुलगा सात वर्षांचा झाला, फळ्यावरचे उतरवून घेताना चुका करू लागला, तेव्हा फाइल पुन्हा उघडली गेली.

ज्याला इंग्रजीत 'लेझी आय' म्हणतात तो हा विकार. एका डोळ्याकडून येणारे चित्र मेंदू हळूहळू नाकारू लागतो. चष्मा देऊन, चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून, अधू डोळ्याला काम करायला भाग पाडणे हा त्यावरचा साधा उपाय. मात्र तो साधारण सहा-सात वर्षांच्या आत सुरू झाला तर उत्तम लागू पडतो. पुढे पुढे त्याचा गुण कमी येतो. त्या मुलाच्या आईचे एक वाक्य आमच्या मनात राहून गेले आहे: "अहो, त्याने कधी तक्रारच केली नाही हो." खरेच आहे. एका डोळ्याने त्याला स्वच्छ दिसत होते. जग असेच दिसते अशी त्याची समजूत होती. तक्रार करायला आधी काही कमी आहे हे कळावे लागते, आणि तेच कळत नाही म्हणून तर डॉक्टर असतात.

आता या प्रकरणात हॉस्पिटलच्या दप्तरी काय नोंद झाली? 'रुग्ण गैरहजर.' रुग्णाचे वय वर्षे चार.

शब्दाचा फरक

या नोंदीला इंग्रजीत 'डिड नॉट अटेंड' म्हणतात. दप्तरात तिचे 'डी.एन.ए.' होते. शब्द साधा दिसतो, पण त्यात एक गृहीत आहे: ज्याचे नाव कागदावर आहे, त्याने यायला हवे होते आणि तो आला नाही. प्रौढाला हे लागू पडते. मुलाला लागू पडत नाही. २०१२ साली कॅथरिन पॉवेल आणि जेन अ‍ॅपलटन या दोन अभ्यासक परिचारिकांनी एका लेखात असे मांडले, की मुलांच्या बाबतीत हा शब्द टाकून 'वॉज नॉट ब्रॉट', म्हणजे 'आणले गेले नाही', असे लिहावे. २०१७ साली नॉटिंगहॅम येथे याच विषयावर एक छोटी चित्रफीत काढण्यात आली, आणि हळूहळू अनेक हॉस्पिटलांनी हा नवा शब्द स्वीकारला.

कोणी म्हणेल, शब्द बदलून काय होणार? आमच्या मते बरेच होते. 'आला नाही' असे लिहिले की वाक्य संपते. 'आणले गेले नाही' असे लिहिले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: कोणी आणले नाही? का आणले नाही? पत्र पोहोचले का? घरी काही अडचण आहे का? पहिल्या वाक्यात फाइल मिटते, दुसऱ्यात ती उघडते. व्याकरणाच्या एका कर्मणी प्रयोगात इतकी माया असू शकते, हे आम्हालाही नव्याने कळले.

हा प्रश्न निव्वळ भाषेचा नाही, याचे पुरावे जुने आहेत. मुलांच्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी या देशात २००६ मधील मृत्यूंचा एक अभ्यास झाला. त्याचा अहवाल २००८ साली 'व्हाय चिल्ड्रेन डाय' या नावाने प्रसिद्ध झाला. मूल ठरल्या वेळी आले नाही तर त्याचा पाठपुरावा झाला पाहिजे, हा त्याचा एक धडा होता. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, 'नाइस' या संस्थेने डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तीत मुलाच्या प्रकृतीसाठी अत्यावश्यक असलेल्या पुढच्या भेटी पालकांनी वारंवार चुकविणे हे मुलाची हेळसांड होत असल्याचे एक चिन्ह असू शकते, असे स्पष्ट म्हटले आहे.

येथे 'वारंवार' हा शब्द वाचकांनी अधोरेखित करून ठेवावा. आपल्या लोकांत एक भीती आहे. एखादी अपॉइंटमेंट चुकली तर 'सोशल सर्व्हिसवाले' दारात येतील, म्हणून कळवायलाच नको, गप्प बसावे, असा विचार करणारी कुटुंबे आम्हाला ठाऊक आहेत. हा उलटा न्याय झाला. एक भेट चुकणे म्हणजे हेळसांड नव्हे. फोन करून 'आम्हाला जमले नाही, दुसरी तारीख द्या' असे सांगणारा पालक कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही. मौन धरणारा येतो, आणि तो यावाच, कारण दहांतल्या एखाद्या घरात ते मौन खरोखरच काही लपवीत असू शकते.

घड्याळाचा खेळ

केवळ पालकांना दोष देऊन भागणार नाही. हॉस्पिटलच्या बाजूनेही एक गोष्ट सामान्य वाचकाला सहसा सांगितली जात नाही. जी.पी.ने चिठ्ठी दिल्यापासून अठरा आठवड्यांच्या आत शंभरांपैकी ब्याण्णव रुग्णांचे उपचार सुरू झाले पाहिजेत, असा नियम आहे. २०१६ नंतर अनेक वर्षे देशपातळीवर तो पाळला गेलेला नाही, हा भाग वेगळा. या नियमासाठी प्रत्येक रुग्णाच्या नावे जणू एक घड्याळ चालू केले जाते. रुग्ण पहिल्याच भेटीला आला नाही, तर ते घड्याळ रद्द होते. नवी तारीख ठरली की नवे घड्याळ शून्यापासून सुरू. पुढची भेट चुकली आणि रुग्णाला जी.पी.कडे परत पाठविले, तर घड्याळ थांबते.

म्हणजे असे, की जे मूल आले नाही त्याचे नाव कमी केल्याने हॉस्पिटलची प्रतीक्षायादी एकाने आखूड होते. कोणी मुद्दाम असे करतो असा आरोप आम्ही करीत नाही. किंबहुना नियमातच दोन अटी घातल्या आहेत: भेटीची वेळ रुग्णाला नीट कळविली होती हे हॉस्पिटलला दाखविता आले पाहिजे, आणि परत पाठविणे हे रुग्णाच्या हिताविरुद्ध असता कामा नये, मुलांसारख्या दुर्बळ गटांची विशेष काळजी घेतली पाहिजे. पण अट कागदावर असते, आणि कामाच्या गर्दीत कारकुनाच्या हाताशी असते ती ठराविक मजकुराची छापील चिठ्ठी. ज्या व्यवस्थेत फाइल मिटविणे सोपे आणि फोन करणे कष्टाचे, तेथे फायली मिटणारच.

यात आणखी एक गोम आहे. मूल परत पाठविल्याचे पत्र जी.पी.कडे जाते. जी.पी. समजतो, हॉस्पिटलने पालकांना कळविले असेल. हॉस्पिटल समजते, जी.पी. पाहील. पालक समजतात, गरज असती तर पुन्हा बोलावले असते. तिघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मूल तिघांच्याही मध्ये. 'तीन पाहुणे आणि घरचे उपाशी' असा हा प्रकार.

आपल्या घरांतून

आता थोडे आपल्याच घरात डोकावून पाहू. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात डॉक्टर म्हणजे संध्याकाळचा दवाखाना. नंबर लावायचा, बाकावर बसायचे, तासाभराने आत जायचे. आज नाही जमले तर उद्या. मुलाच्या डॉक्टरांना घरातली तीन मुले नावानिशी ठाऊक. तेथे 'भेट चुकली' ही गोष्टच नसते. गेलो तो दिवस आपला. इकडे सगळा कारभार एका पत्रावर, आणि ते पत्र ज्या पत्त्यावर जाते तो पत्ता आपण बदलल्यावर जी.पी.ला कळविलेला असेल तर! भाड्याची घरे वर्षा-दोन वर्षांनी बदलणाऱ्या नव्या कुटुंबांत ही चूक किती सहज घडते, हे सांगायला नको. त्यात हॉस्पिटलचा फोन येतो तो पुष्कळदा नंबर न दाखविता. फसवणुकीच्या फोनांना कंटाळलेली माणसे असा फोन उचलतच नाहीत. आठवणीचा संदेश जातो तो ज्याचा नंबर नोंदविला आहे त्याच्या मोबाइलवर, म्हणजे बहुधा ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेल्या वडिलांच्या. आणि मुलाला घेऊन जायचे असते आईला.

नोकरीचे म्हणावे तर मुलाच्या अचानक दुखण्यासाठी कायद्याने रजा मिळते, तीही बिनपगारी असू शकते; पण आधी ठरलेल्या तपासणीसाठी तसा हक्क कायद्यात नाही. मालकाच्या मर्जीचा प्रश्न. मंगळवारी सकाळी अकराची वेळ कारकुनाला सोयीची. तासावर पगार घेणाऱ्या वृद्धसेवा-कामगार बाईला ती अर्ध्या दिवसाच्या मजुरीला पडते, वर हॉस्पिटलच्या आवारातले पार्किंग वेगळे. मुलांच्या चुकलेल्या भेटींचे प्रमाण गरीब वस्त्यांत अधिक असते, हे या देशात वेळोवेळी दिसून आले आहे. त्याचे कारण गरिबाला मुलाची माया कमी असे नाही. गरिबाचा वेळ त्याच्या मालकीचा नसतो, हे आहे.

मग आपल्या चालीरीती. येथे एक उदाहरण देतो, कारण ते नेमके आपले आहे. ज्या बाळाचे आई, वडील, आजी किंवा आजोबा यांपैकी एकजण जरी क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मलेला असेल, त्या बाळाला येथे बी.सी.जी.ची लस देतात. भारत त्या देशांत आहे. म्हणजे आपल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचा यात समावेश होतो. पूर्वी ही लस पुष्कळ ठिकाणी प्रसूतिगृहातच, घरी जाण्यापूर्वी टोचत. पण सप्टेंबर २०२१ पासून ती बाळ २८ दिवसांचे झाल्यावर देतात. कारण योग्य आहे: बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तावर आता रोगप्रतिकारशक्तीच्या एका जन्मजात, गंभीर विकाराची तपासणी होऊ लागली आहे, आणि तसा विकार असलेल्या बाळाला ही जिवंत जंतूंची लस धोक्याची. पण परिणाम असा, की जे काम न मागता होत असे त्यासाठी आता वेगळी भेट, वेगळे पत्र, वेगळा प्रवास. आणि २८ दिवस म्हणजे काय? आपला सव्वा महिना अजून व्हायचा! भारतातून बाळंतपणासाठी आलेली आजी म्हणणार, "सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचे नाही." पायाळू बाळांच्या खुब्याची जी तपासणी येथे करतात, तीही चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, म्हणजे पुन्हा सव्वा महिन्याच्या आसपासच.

आजीची काळजी चुकीची नाही. बाळ-बाळंतिणीला जपावे, विश्रांती मिळावी, म्हणूनच ती चाल पडली. पण खुबा निखळता असेल तर पहिल्या काही आठवड्यांत नुसत्या पट्ट्यांनी तो जागेवर बसविता येतो. चालायला लागल्यावर लक्षात आला तर शस्त्रक्रिया करावी लागू शकते. आजीला हे कोणी मराठीत समजावून सांगितले, तर तीच बाळाला दुपट्यात गुंडाळून आधी तयार होईल, अशी आमची खात्री आहे. बी.सी.जी. मात्र त्याच दिवशी नाही जमली तर बाळ वर्षाचे होईपर्यंत देता येते; तेव्हा तारीख सोडून न देता पुढची मागून घ्यावी.

आणि शेवटी एक कारण, जे कोणी मोठ्याने बोलत नाही. मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, म्हणून हेल्थ व्हिजिटर त्याला तपासणीसाठी पाठविते. पत्र येते आणि कपाटात जाते. "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात, याचे काकाही चार वर्षांनी बोलले." कधी ते खरेही असते. पण कधी त्या वाक्याच्या मागे भीती असते: डॉक्टरने नाव दिले तर ते नाव कायमचे चिकटेल, मंडळात लोक विचारतील, उद्या गावी कळेल. ही भेट विसरली जात नाही. ती टाळली जाते. अशा घराला दंडाची धमकी देऊन काय होणार? तेथे हवा असतो एक धीराचा शब्द. आणि हेही सांगायला हवे, की कधी कधी तपासणीत निघते ते एवढेच, की मुलाच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठले आहे आणि त्याला नीट ऐकूच येत नाही.

दंड की आठवण?

२०२२ च्या उन्हाळ्यात हुजूर पक्षाचे नेतेपद मिळविण्याच्या लढतीत ऋषी सुनक यांनी अपॉइंटमेंट चुकविणाऱ्यांना दहा पौंड दंड करण्याची कल्पना मांडली होती. पंतप्रधान झाल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती मागे घेण्यात आली. बरे झाले. मुलांच्या बाबतीत हा दंड भरला असता आईबापांनी, आणि पुढच्या वेळी दंडाच्या भीतीने तारीखच घेतली नसती. शिक्षा एकाची आणि भोग दुसऱ्याचा, असा तो कायदा झाला असता.

त्यापेक्षा आठवण अधिक कामाची. लंडनच्या बार्ट्स हॉस्पिटल-समूहात एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मोबाइलवरच्या संदेशात 'न आल्यास आरोग्यसेवेला सुमारे १६० पौंडांचा खर्च पडतो' एवढे एक वाक्य घातल्यावर न येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ११.१ वरून ८.४ वर आले. २०२३ साली एसेक्समधील काही हॉस्पिटलांत संगणकाकडून कोण येणार नाही याचा अंदाज घेऊन, अशा रुग्णांना संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची वेळ देण्याचा प्रयोग झाला, आणि न येणारे जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले असे सांगण्यात आले. यंत्राने जे शोधले ते शहाण्या परिचारिकेला आधीच ठाऊक असते: माणूस येत नाही कारण त्याला ती वेळ जमत नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने आरोग्यसेवेची दहा वर्षांची योजना जाहीर केली. तिचा भर मोबाइलवरच्या ॲपवर आहे. बाह्यरुग्णांचे बरेचसे काम हॉस्पिटलच्या बाहेर नेण्याचा संकल्प तीत आहे, आणि मुलांच्या नोंदींचे लाल पुस्तकही मोबाइलवर येणार आहे. कल्पना चांगली. पण ॲप हे ज्याचे त्याचे असते, आणि चार वर्षांच्या मुलाजवळ मोबाइल नसतो. मुलाची पत्रे आईबापांच्या दोघांच्याही ॲपवर, न मागता, त्यांना वाचता येईल अशा भाषेत आली, तरच या योजनेचा मुलांना उपयोग. नाहीतर जुने पत्र नव्या पाकिटात, एवढेच.

करायचे काय?

हॉस्पिटलांनी करायची गोष्ट आमच्या मते एकच आहे, आणि ती स्वस्त आहे. मूल आणले गेले नाही, तर त्याचे नाव कमी करण्यापूर्वी कोणीतरी माणसाने, यंत्राने नव्हे, घरी फोन करावा आणि 'का?' एवढे विचारावे. डॉक्टरने त्या दिवशीच मुलाची फाइल उघडून पाहावी, की हे थांबू शकते की नाही. डोळ्याची तपासणी तीन महिने थांबली तर काय होईल, हे कारकुनाने का ठरवावे?

आपण करायच्या गोष्टी थोड्या अधिक आहेत. घर बदलले की जी.पी.कडे पत्ता आणि फोन दोन्ही बदलावेत, आणि जेथे मुलाची तपासणी चालू आहे त्या हॉस्पिटललाही वेगळे कळवावे. पत्रातला शब्द कळला नाही तर त्यावरच्या नंबरला फोन करून विचारावा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागावा, त्याचे पैसे पडत नाहीत. भारताची तिकिटे काढण्यापूर्वी मुलाची तारीख पाहावी, आणि आधी कळवून ती बदलून घ्यावी. कळवून बदललेली तारीख ही चुकलेली भेट होत नाही. उत्पन्न कमी असून सरकारी मदत मिळत असेल, तर मुलाला हॉस्पिटलात नेण्याचा प्रवासखर्च परत मिळण्याची सोय आहे. ती मागण्यात कमीपणा नाही. शाळा बुडेल म्हणून भिऊ नये. वैद्यकीय भेटीसाठीची गैरहजेरी शाळा मंजूर करते, आधी पत्र दाखवावे एवढेच. आजी-आजोबा मुलाला घेऊन जाणार असतील तर त्यांच्याजवळ आईबापांची सहीची चिठ्ठी आणि फोन नंबर द्यावा. कायद्याने मुलाची जबाबदारी आईबापांची असल्याने उपचाराच्या संमतीचा प्रश्न उभा राहू शकतो.

व्हिसावर आलेल्या तरुण कुटुंबांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. व्हिसावरच्या 'सरकारी निधीचा लाभ नाही' या शेऱ्याने घाबरून मुलाला तपासणीला न नेणारे पालक आम्हाला भेटले आहेत. आरोग्यसेवा त्या निधीत मोडत नाही. उलट फेब्रुवारी २०२४ पासून मुलामागे वर्षाला ७७६ पौंड आरोग्य-अधिभार व्हिसाबरोबरच आगाऊ भरून घेतला जातो. तीन वर्षांचे २,३२८ पौंड भरून झाल्यावर मुलाचा डोळा दाखवायला संकोच कशाचा?

आणि आपली मंडळे? १९३२ साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ धरून गावोगावच्या मंडळांतून गणपती, दिवाळी, नाटके उत्साहाने होतात, व्हावीतच. या मंडळांच्या सभासदांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त होऊन वेळ असलेली माणसे आहेत. नव्याने आलेल्या कुटुंबाला पत्र वाचून दाखविणे, आई नोकरीवर असेल तर मुलाला आणि आजीला गाडीतून हॉस्पिटलात सोडणे, याला ना देणगी लागते ना ठराव. गावाकडे हे काम शेजारी करीत असे. येथे शेजारी आपणच आहोत.

ज्या मुलाची हकीकत वर सांगितली, त्याची पट्टी आता सुरू झाली आहे. डोळा किती सुधारेल हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. तो रोज पट्टी लावून बसतो आणि त्याची आई शेजारी बसून त्याच्याकडून गोष्टीचे पुस्तक वाचवून घेते. त्या विभागातल्या भिंतीवरही तो फळा आहेच. त्यावर एवढाच बदल व्हावा, अशी आमची इच्छा आहे: 'गेल्या महिन्यात इतकी मुले येथे आणली गेली नाहीत, आम्ही इतक्यांच्या घरी फोन केला.' हे दोन आकडे ज्या महिन्यात सारखे येतील, त्या महिन्यात त्या फळ्याला शोभा येईल.